जिन्याची वही

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला तो स्वतःसाठी नव्हे. लिफ्टच्या दारावर कुणीतरी 'बंद आहे' असा कागद चिकटवून ठेवला होता आणि त्याची जुनी विद्यार्थिनी त्याच्या मागून जिना चढत होती. तो सहा वर्षांपूर्वी ज्या विभागातून निवृत्त झाला त्या विभागाची ती आता प्रमुख होती. खाली फाटकाशी गाठ पडल्यापासून ती बोलत होती. शिकत होती तेव्हाही ऑपरेशनचं टेबल सोडलं तर सगळीकडे बोलायची, म्हणून त्याने तिचं नाव चिमणी ठेवलं होतं. ही चिमणी आता पन्नाशीला आली होती, अंगाने भरली होती आणि तिचा एक गुडघा दर पायरीला तक्रार करत होता. पहिल्या मजल्यानंतर तिची वाक्यं आखूड झाली, मग वाक्यांतले शब्द गळायला लागले, आणि मग मागून नुसता श्वास ऐकू येऊ लागला. ओठ आवळून सोडलेला, आवाज होऊ नये म्हणून जपून सोडलेला. चाळीस वर्षं माणसांच्या छात्या ऐकलेल्या कानाला वळून पाहायची गरज नव्हती. 'थांब, दम खा' असं म्हटलं असतं तर ती ओशाळली असती आणि मुद्दाम भराभर चढली असती. म्हणून तो सहज गेल्यासारखा वळणावरच्या खिडकीशी गेला, कठड्यावर हात टेकला आणि म्हणाला, "समोरच्यांनी गच्चीवर केवढी झाडं लावलीत बघ." समोरच्यांच्या झाडांशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं.

"सर," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द यायला तिला दोन श्वास लागले, "दम लागला का? बसा. इथं पायरीवरच बसा."

"नाही गं."

"नाही कसं? एकाहत्तर चालू आहे ना तुम्हाला? त्यात लाजायचं काय!" तिने त्याचं मनगट धरलं, दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत मोजलं आणि किंचित निराश झाल्यासारखी म्हणाली, "बहात्तर. चांगली आहे की." तिची बोटं अजून मनगटावर असतानाच त्याच्या आत काहीतरी चुकलं. जिना संपला असं धरून टाकलेलं पाऊल आणखी एका पायरीवर आपटावं, तसं. असंच एका जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर, असंच सहज, कुणीतरी त्याच्या पुढे चढता चढता खिडकीशी गेलं होतं. कठड्यावर हात टेकून म्हणालं होतं, "वारा छान येतोय नाही इथं?"

राहिलेला मजला तो कसा चढला ते त्याला कळलं नाही. बायकोने दार उघडलं आणि दोघांची तोंडं पाहून म्हणाली, "लिफ्ट बंद आहे म्हणून सांगायला तीनदा फोन केला. उचलाल तर शपथ. ये गं, बस आधी. आणि हे असे पांढरे का पडलेत?" चिमणी म्हणाली, "सर दमले जिन्यात. मी म्हटलं बसा, तर ऐकतायत कुठले!" बायको म्हणाली, "ते कसले ऐकतात! जन्मभर दुसऱ्यांना जिने चढवले, आता फेडतायत." दोघी हसल्या. त्याने पाणी घेतलं. पेला तोंडाला लावताना त्याच्या लक्षात आलं की आपण खोटं ठरलो आहोत आणि ते आपल्याला सिद्ध करता येणार नाही. नाडी बहात्तर होती, तरीही नाही. थांबला तो दमला. हे त्याचंच वाक्य होतं.

जन्मभर चढवलेले ते जिने म्हणजे एकच जिना होता, हॉस्पिटलचा मागचा, तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंतचा, मजल्याला बावीस अशा सहासष्ट पायऱ्यांचा. त्याचं काम होतं फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतल्या जुन्या गुठळ्या काढायचं. पायात कुठेतरी रक्त गोठतं, त्याचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन बसतो, विरघळत नाही, वर्षानुवर्षं भिंतीला धरून घट्ट होत जातो. मग हृदयाची उजवी बाजू त्या अडलेल्या वाटेतून रक्त ढकलता ढकलता फुगते, आणि माणूस अंघोळ केली तरी धापा टाकायला लागतो. औषधांनी थोडं लांबतं. बरं होतं ते फक्त ऑपरेशनने, आणि ते ऑपरेशन म्हणजे माणसाला जवळजवळ मारून परत आणणं. शरीर अठरा अंशांपर्यंत थंड करायचं, डोक्याभोवती बर्फ रचायचा, आणि मग हृदयाच्या जागी रक्त फिरवणारा पंपसुद्धा बंद. हृदय नाही, पंप नाही, रक्त जागच्या जागी उभं. वीस मिनिटं. थिएटरमध्ये फक्त नर्स मिनिटं पुकारते. त्या वीस मिनिटांत रक्तवाहिनीच्या आतून तो जुना थर न फाटता सोलत सोलत शेवटच्या फांदीपर्यंत जायचं. नीट जमलं तर सगळं एकसंध हातात येतं, मुळासकट उपटलेल्या रोपासारखं, आणि हिरव्या कापडावर ठेवलं की नवीन मुलं त्याच्याभोवती गोळा होतात. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचे ओठ गुलाबी असतात. हा गुलाबी रंग पाहिल्यावर दुसरं काही काम करावंसं त्याला कधी वाटलं नाही.

पण पहिल्या एकोणीस जणांतले पाच टेबलावरून उठले नव्हते. पाचवी एक वीस वर्षांची मुलगी होती, आणि तिच्यानंतर आठवडाभर त्याने टेबलावर कुणालाच घेतलं नाही. तेव्हा त्याच्या गुरूंनी, ज्यांना सगळे थोरले सर म्हणत, त्याला जिना दाखवला. म्हणाले, "यंत्रांनी काय मोजायचं ते मोज. शेवटी त्याला घेऊन तीन मजले चढ. तू दोन पायऱ्या मागे राहायचं. बोलायचं नाही, हात द्यायचा नाही. न थांबता चढला तर टेबलावर घे. थांबला तर घेऊ नकोस." थांबणं मोजलं जातंय हे पेशंटला सांगायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं, सांगितलं तर माणूस जिद्दीने चढतो, आणि बर्फात ठेवल्यावर जिद्द कामाला येत नाही. त्याने ते तंतोतंत पाळलं. मृत्यू कमी झाले. मुलं त्याला पाठीमागे 'जिना' म्हणू लागली, आज जिना राउंडला येणार आहे, जिना आज चिडलाय, आणि ते त्याला कळलं तेव्हा तो मनातून खूश झाला होता. कुणी पेशंट, कुणाची बायको, कुणाचा मुलगा सांगायला आला की तो काल झोपला नव्हता हो, चप्पल नवी होती हो, तेव्हा तो म्हणायचा, "जिना कारणं ऐकत नाही." हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं, थोरल्या सरांचं नव्हतं. त्याला त्याचा अभिमान होता.

"वही काढून ठेवली आहे ना सर?" चिमणीने विचारलं. ती त्यासाठीच आली होती. चारशे बारा पेशंटांची जिन्याची वही, लांबट, कापडी बांधणीची, त्याच्या हाताने आखलेली: तारीख, व्यवसाय, मजले, थांबे, नाडी, ऑक्सिजन, निर्णय, पुढे काय झालं. नाव तो कधी लिहीत नसे, व्यवसाय लिहायचा. विभागात आता नव्या मुलांसाठी लेखी नियम करायचा होता: तीन मजले, न थांबता. नियमाला आधार म्हणून या वहीतले आकडे छापायचे होते. "तुमचं नाव येईल खाली," ती म्हणाली. "आणि आकडे असले भक्कम आहेत ना, मागच्या वेळी मी पेन्सिलने बेरीज करून बघितली. नाकारलेले एकोणसाठ. त्यातले त्रेपन्न दोन वर्षांत गेले. जिना किती अचूक आहे बघा."

तो कपाटाकडे गेला, वही काढली, आणि तिच्या हातात देण्याऐवजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पानं उलटू लागला. अकरा वर्षांपूर्वीचं पान त्याला शोधावं लागलं नाही, किंवा शोधलं तरी हाताला ते आधीच ठाऊक असल्यासारखं उघडलं. टेलिफोन ऑपरेटर, स्त्री, वय अठ्ठेचाळीस. मजले तीन. थांबे: एक, दुसरा मजला.

ती बावीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डापुढे बसत होती, कानाला हेडफोन, पाय खुर्चीखाली दुमडलेले; तिथेच पायात रक्त गोठलं असणार हे त्याने पहिल्याच भेटीत तिला सांगितलं होतं. ती हसली होती. "म्हणजे लोकांची बोलणी जोडता जोडता माझीच लाइन ब्लॉक झाली म्हणा." तिचा नवरा शेजारी कापडी पिशवीत सगळे रिपोर्ट तारखांप्रमाणे लावून बसला होता आणि बायकोच्या विनोदाला हसावं की नाही ते डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून ठरवत होता. मग तिनेच सांगितलं होतं, न विचारता, कारण त्याने स्टेथोस्कोप लावताना 'श्वास घ्या' म्हटलं होतं: "आमच्या कामात पण हेच असतं, डॉक्टर. माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो ना, तेवढ्यावरून कळतं मला. हा चिडलाय, ही रडून आलीय, हा पळत येऊन फोन करतोय. शब्द नंतर येतात." त्याने मान डोलावली होती. पेशंट बोलतात ते मान डोलावून ऐकायचं असतं, हे त्याला येत होतं.

आणि जिन्याच्या दिवशी तो तिच्या दोन पायऱ्या मागे होता. तिच्या बोटाला नाडी आणि ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावलेला, त्याची वायर तिच्या कोपरावरून मागे त्याच्या हातातल्या यंत्रात आलेली. ती एका लयीत चढत होती, टाचा वाजवत, कठड्याला हात न लावता. पहिला मजला. मग दुसऱ्याच्या शेवटच्या पायऱ्या. वळणावर ती खिडकीशी गेली, कठड्यावर हात टेकला आणि म्हणाली, "वारा छान येतोय नाही इथं?" त्याने नियमाप्रमाणे उत्तर दिलं नाही. त्याने भिंतीला तळवा टेकला. भिंत गार होती. इथपर्यंत त्याला नेहमीच आठवत आलं होतं. भिंतीचा गारवा मात्र आज पहिल्यांदाच आठवला, आणि त्याच्या मागोमाग, अकरा वर्षं कुठे दडून बसलं होतं कोण जाणे, हेही आठवलं की ती थांबली तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. नुसतं बरं नव्हे, सुटल्यासारखं. जिन्यात पेशंट थांबला की एरवी त्याला वाईट वाटायचं, क्वचित चीड यायची. सुटल्यासारखं कधी वाटत नसे.

"अगं," त्याने बायकोला हाक मारली. ती चहा घेऊन येतच होती. "मला तो ताप कधी आला होता? छातीत कफ झाला होता तो?"

"कोणता? निमोनिया? अकरा वर्षं झाली की. माझी बहीण आली होती राहायला तेव्हा. तीन रात्री खुर्चीत बसून झोपलात, तिच्यासमोर खोकल्याचा आवाज नको म्हणून तोंडावर उशी धरून. मी म्हटलं, अहो, आज नका जाऊ, छाती घरघरतेय तुमची. तर मलाच म्हणालात, डॉक्टर कोण आहे या घरात?" ती चिमणीकडे वळली. "चौथ्या दिवशी छातीचा फोटो काढला तेव्हा कळलं. डॉक्टर!"

"महिना कोणता होता?"

तिने महिना सांगितला. वहीत तोच महिना होता. बहीण कधी आली, कधी गेली, हे बायकोला तारखेनिशी पाठ होतं. जिना तापाच्या तिसऱ्या दिवशीचा होता.

त्याने आकडे वाचले. स्वतःच्या हाताने लिहिलेले, अकरा वर्षं उघडे पडलेले आकडे. दुसऱ्या मजल्यावर नाडी एकशे बारा, ऑक्सिजन एक्याण्णव. तिसऱ्यावर एकशे अठरा, एकोणनव्वद. त्याच पानावर तिच्या आधीची ओळ एका ड्रायव्हरची होती, तोही दुसऱ्यावरच थांबलेला: नाडी एकशे सेहेचाळीस, ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर. दम लागून थांबणं असं दिसतं. पहिल्या वर्षाच्या मुलालासुद्धा कळलं असतं की वरच्या ओळीतला माणूस आणि खालच्या ओळीतली बाई एकाच कारणासाठी थांबलेली नाहीत. पण कारणाला वहीत रकानाच नव्हता. आठ रकाने त्याने स्वतः आखले होते, पट्टी धरून, आणि नवव्यासाठी जागा होती.

त्या बाईला निर्णय सांगताना तो फक्त एवढंच म्हणाला होता, की तुमच्या हृदयाला हे ऑपरेशन झेपेल असं मला वाटत नाही. नवरा म्हणाला, "दमते, पण चढते हो ती. आमच्याकडे चार मजले आहेत, लिफ्ट नाही." आणि तो म्हणाला होता, "घरचा जिना वेगळा." किती सहज म्हणाला होता. थांबत थांबत चढतात की एका दमात, एवढंही विचारलं नव्हतं. थांबण्यामुळे नाही म्हटलं हे तिला कळलंच नाही, त्यामुळे 'मी दमले नव्हते' असं म्हणायची वेळच तिच्यावर आली नाही. आणि कळलं असतं तरी ती काय म्हणाली असती? डॉक्टर, तुम्ही दमला होतात? ती ते म्हणाली नसती. मुळात ते म्हणावं लागू नये म्हणूनच तर ती खिडकीशी गेली होती.

"सर, चहा गार होतोय," चिमणी म्हणाली.

"ही बाई चौदा महिन्यांनी गेली," तो म्हणाला. तिचा नवराच सांगायला आला होता, घरी नेलेलं ऑक्सिजनचं यंत्र परत करायला आला तेव्हा. यंत्र पुसून, नळी गुंडाळून रबर लावून आणलं होतं. म्हणाला, "तुम्ही खरं ते सांगितलंत, डॉक्टर, उगाच चिरफाड केली नाहीत. शेवटपर्यंत तुमचं नाव चांगलंच घ्यायची." नवरा गेल्यावर त्याने वही उघडून शेवटच्या रकान्यात तारीख घातली होती आणि, हे आता त्याला स्वच्छ आठवलं, जिना बरोबर ठरला असं वाटून थोडं समाधान मानलं होतं.

"एकोणसाठातली?" चिमणीने विचारलं.

"त्रेपन्नातली. चिमणे, ते त्रेपन्न जण जिना चढता आला नाही म्हणून गेले, का आपण ऑपरेशन केलं नाही म्हणून गेले?"

ती हसायला गेली आणि थांबली. हुशार होती, वाक्य पूर्ण व्हायच्या आतच तिला ते कळलं होतं, आणि कळल्यावर चेहरा कोरा ठेवायची सवय तिला त्यानेच लावली होती. कपातल्या चहाकडे बघत ती म्हणाली, "ते सांगता येणार नाही. सांगता यायचं तर थांबलेल्यांतले थोडे तरी टेबलावर घ्यायला हवे होते. आपण एकही घेतला नाही." आणि मग जरा तिखटपणे, "तुम्ही घेऊ दिला नाहीत, सर. मी एकदा विचारलं होतं."

विचारलं होतं का? विचारलं असेल. जिना कारणं ऐकत नाही म्हणून त्याने तिला सगळ्यांसमोर गप्प केलं असेल.

"मघाशी मी का थांबलो होतो?" त्याने विचारलं.

"दम लागला म्हणून."

"नाडी बहात्तर होती."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढत गेली, अगदी हळू, खालून वर, आणि तिने पदराने उगाच कपाळ पुसलं. "असं होय," ती म्हणाली. "मग सांगायचं ना सरळ. मी काय परकी आहे?" बायको मधेच म्हणाली, "काय चाललंय तुमचं दोघांचं?" त्याला वाटलं आता सगळं सांगावं, ती टेलिफोनवाली, तो ताप, ती गार भिंत. पण सांगितलं तर त्याचा किस्सा होईल, चिमणी तो मुलांना सांगेल, मुलं गंभीर चेहरे करतील. आणि शिवाय त्याची खात्री कुठे होती? वारा येत असेलही. खरंच छान वारा येत असेल, आणि तिला खरंच बरं वाटलं असेल, आणि हे सगळं एका म्हाताऱ्याने लिफ्ट बंद पडली म्हणून रचलं असेल. या शक्यतेला त्याने त्या संध्याकाळी आणि पुढच्या अख्ख्या दिवसभर दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

निघताना चिमणी दारात घुटमळली. वही तिने मागितली नाही. म्हणाली, "परवा एक शिंपी थांबला, सर. सहा नंबरच्या खाटेवर आहे. दुसऱ्या मजल्यावरच थांबला. सोमवारी दुपारच्या मीटिंगमध्ये त्याला नाही सांगणार आहोत."

"का थांबला?"

"विचारायचं नसतं ना," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो लागला.

सोमवारी सकाळी तो हॉस्पिटलमध्ये गेला. सहा वर्षांत वॉर्डाचा रंग बदलला होता, वास तोच होता. सहा नंबरच्या खाटेवर एक बारकासा माणूस मांडी घालून बसला होता आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या सदऱ्याचं निघालेलं बटण लावत होता. ओठ जांभळट, नखं जांभळी, टाके मात्र इतके सारखे की सर्जनला हेवा वाटावा. चिमणीने ओळख करून दिली, "हे आमचे सर." शिंप्याने सुई सदऱ्यात खोवली आणि नमस्कार केला.

"त्या दिवशी जिन्यात थांबलात," तो म्हणाला. "का थांबलात?" चाळीस वर्षांत हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला, आणि तो इतका सोपा होता की विचारल्यावर त्याला काहीतरी विसरल्यासारखं झालं.

शिंपी चिमणीकडे बघून मग त्याच्याकडे बघत म्हणाला, "दम लागला, साहेब. दुसरं काय?"

तो मान डोलावणार होता. आत कुठेतरी एक जुना, ओळखीचा दिलासा पसरत चालला होता, की बघा, दमच लागतो माणसाला. पण त्याने मान डोलावली नाही, नुसता उभा राहिला. शिंप्याला ती शांतता सहन झाली नाही. "आता खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "वॉर्डात सगळ्यांना ठाऊक आहे, वरपर्यंत गेलं की बर्फात घालतात. सात नंबरवाला सांगत होता, मेल्यागत करतात म्हणे वीस मिनिटं. दुसऱ्या मजल्यावर आलो आणि ते डोक्यात आलं. थोडा दम होता, थोडी भीती होती. आता किती दम आणि किती भीती ते मोजमाप माझ्याकडे नाही, साहेब. सदऱ्याचं मागा, ते देतो."

चिमणी हसली, शेजारचा पेशंट हसला. मग चिमणी खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "बर्फाचं मी सांगते तुम्हाला, सात नंबरवाला नको. आणि नाडी किती होती त्या वेळी, मी बघून येते कागद. जिना पुन्हा चढू. आणि या खेपेला थांबलात तर का ते सांगायचं." शिंपी म्हणाला, "तुम्ही पण सांगायचं, बाई. मागून फार धापा टाकत होता तुम्ही." चिमणीने शिंप्याकडे, मग सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. आणलेली वही त्यांनी खाटेजवळच्या टेबलावर ठेवली, पान उघडून, आठव्या रकान्यानंतरच्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवून, आणि ते वॉर्डातून बाहेर पडले.

लिफ्ट चालू होती. तो मागच्या जिन्याकडे गेला. तिसऱ्या मजल्यावरून एक एक पायरी उतरताना त्याला वाटत होतं की वारा यावा. नुसती झुळूक आली तरी चालेल, खिडकीची एखादी फट, वाजणारं तावदान, काहीही. चारशे बारा वेळा तो हा जिना चढला होता आणि प्रत्येक वेळी त्याची नजर हातातल्या यंत्रावर नाहीतर पुढच्या माणसाच्या टाचांवर होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक बाई पायऱ्या पुसत होती. तो थांबला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा त्या खिडकीकडे पाहिलं. एक जाड काच होती, आत तारेची जाळी असलेली, चारही बाजूंनी भिंतीत पक्की बसवलेली. काचेपलीकडे हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची करडी भिंत आणि तिच्यावरून खाली गेलेला एक पाइप. दुसरं काही दिसत नव्हतं. त्याने काचेच्या कडेवरून बोट फिरवलं. कुठेही फट लागली नाही.

"ही खिडकी आधी उघडायची का?" त्याने विचारलं.

"ही?" पुसणारी बाई कंबर सरळ करत म्हणाली. "हिला बिजागरी कुठाय? नुसती उजेडाची आहे. तेवीस वर्षं पुसतेय मी, कधी उघडली नाही. वारा हवा तर वर गच्चीत जा." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, भिंतीला टेकलेल्या त्याच्या तळव्याकडे पाहिलं, आणि बादली बाजूला सरकवून त्याच्यासाठी कोरडी पायरी मोकळी केली. "दम लागला का, साहेब?"

"हो," तो म्हणाला. "मला लागला होता."